मंगळावरचा चेहरा आणि लपवाछपवीचा आळ

२५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ यानाने मंगळावरच्या सिडोनिया भागातल्या एका टेकडीचे छायाचित्र टिपले. तिरप्या उन्हातल्या सावल्यांत डोळे, नाक, ओठ दिसत होते. काही दिवसांतच नासाने ते प्रसिद्ध केले आणि चेहऱ्याचा हा भास सावल्यांमुळे होतो, हेही सोबत सांगितले.

तरीही ‘परग्रहवासीयांचे स्मारक नासा दडवते आहे’ अशी आवई उठलीच. जी संस्था छायाचित्र आपणहून जगापुढे ठेवते, तिच्यावरच लपवाछपवीचा आळ! १९९३ मध्ये मंगळाजवळ पोहोचता पोहोचता मार्स ऑब्झर्व्हर यानाशी संपर्क तुटला, तेव्हा तर संशयाला ऊत आला.

मूळ छायाचित्रातल्या एका पिक्सेलमध्ये सुमारे ५० मीटर जमीन मावत होती. त्यातले काही काळे ठिपके म्हणजे पृथ्वीवर येताना गहाळ झालेली माहिती. त्यांतलाच एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला होता. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने पिक्सेलमागे दीड मीटर इतक्या बारकाईने तीच जागा टिपली. दिसली ती झिजलेली, ओबडधोबड टेकडी.

सरकारी संस्थांना प्रश्न जरूर विचारावेत, पण आलेले उत्तर तपासण्याची तयारीही हवी. ही सारी छायाचित्रे आज सर्वांना खुली आहेत. ज्याला शंका आहे त्याने ती स्वतः पाहावीत.