साक्षीदाराचे अभय कागदावरच राहू नये

खरे बोलण्याची शपथ न्यायालयात सर्वांना सारखीच असते. खरे बोलण्याची किंमत मात्र सारखी नसते. शिधापत्रिकेसाठी कारकुनाच्या हातावर पैसे ठेवावे लागलेला मजूर त्या कारकुनाविरुद्ध साक्षीला उभा राहतो, तेव्हा ‘तुम्ही पैसे दिलेत काय?’ या एकाच प्रश्नात दोघांचाही गुन्हा सामावलेला असतो.

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण आरोपीला आहे. हा मजूर तर साक्षीदार आहे. पोलिसांपुढे, स्वतःला गोवणारे उत्तर नाकारण्याची मुभा कायदा त्याला देतो. न्यायासनापुढे ती मुभा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३२ ने उत्तर बंधनकारक केले आणि त्याच्या मोबदल्यात अभय दिले. सक्तीने दिलेल्या उत्तरावरून साक्षीदाराला अटक होणार नाही, त्याच्यावर खटला चालणार नाही आणि ते उत्तर कोणत्याही फौजदारी कामात त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही. अपवाद एकच, खोट्या साक्षीचा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम १३७ म्हणून आली आहे.

अशाने गुन्हेगार मोकाट सुटतील, हा आक्षेप टिकणारा नाही. अभय उत्तरापुरते आहे. स्वतंत्र पुरावा असेल तर कारवाईचा मार्ग खुलाच राहतो. शिवाय संगनमताचे गुन्हे आतल्या माणसाच्या तोंडूनच उघडकीस येतात. समाजाला सत्य हवे असेल, तर ते सांगणाऱ्याला निर्भय केलेच पाहिजे.

परंतु ‘सक्ती’ कशाला म्हणावे? साक्षीदाराने आधी हरकत घ्यावी आणि न्यायालयाने ती फेटाळावी, तरच ती सक्ती, असे मद्रास उच्च न्यायालयाने १८८१ साली बहुमताने ठरविले होते. याचा अर्थ उघड आहे. वकिलाचा सल्ला घेऊन आलेला कंपनीचा संचालक हरकत घेईल. पिंजऱ्यात प्रथमच उभा राहिलेला मजूर मुकाट्याने उत्तर देईल आणि अभयाला मुकेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली आर. दिनेश कुमार प्रकरणात हा भेद मोडून काढला. प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर देणे कायद्यानेच बंधनकारक असल्याने, हरकत न घेणाऱ्यालाही संरक्षण मिळते, असा तो निर्णय आहे.

तथापि २०२३ साली नवा कायदा करताना संसदेने हा खुलासा कलमात घातला नाही. उलट, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील लाच देणाऱ्याच्या जबानीला संरक्षण देणारे कलम २४ हे २०१८ सालीच वगळण्यात आले होते. नाइलाजाने लाच देणाऱ्याने आता सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवावे, अशी अट आहे. रोजंदारी बुडवून, त्याच कचेरीशी पुन्हा काम पडणार हे ठाऊक असताना, किती जण ती पाळू शकतील?

कबुलीजबाब नोंदविण्यापूर्वी आरोपीला समज देणे दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. साक्षीदाराला अशी समज देण्याचे बंधन मात्र कलम १३७ न्यायाधीशावर घालीत नाही. ते घातले पाहिजे. त्यासाठी खजिना रिकामा करावा लागत नाही. दोन वाक्ये पुरतात. ज्या भाषेत त्याला शपथ दिली जाते, त्याच भाषेत त्याचे अभयही त्याला सांगितले जावे. ज्याला आपला हक्क ठाऊकच नाही, त्याच्या दृष्टीने तो हक्क नसल्यातच जमा असतो.