माय कामून रडायली?

श्रावणात घनसावंगी तालुक्यातल्या एका तरुणाची कथा आमच्याकडे आली. पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'माय कामाहून रडायला.' मला वाटलं, बाई शेतातून दमून आलीय आणि रडतेय. क्रियापद तेवढं चुकलंय. खरं सांगायचं तर वाक्य आवडलंही. दुरुस्तीसाठी फोन केला, तर पोरगा हसायलाच लागला. "सर, म्या टाइप नाही केलं, फोनला बोललो. माय कामून रडायली, असं म्हणलो व्हतो."

कामून म्हणजे का, कशासाठी. आपल्याकडे गावोगाव दिवसातून शंभरदा विचारला जाणारा प्रश्न. फोननं त्याच्या जागी आपल्या ओळखीचा, जवळपासचा शब्द बसवून दिला आणि लाल पेन घेऊन बसलेल्या संपादकालाही तो खपला. यंदाच्या अंकाचा विषय 'यंत्राची मराठी' ठरला, तो त्या फोननंतर.

बोललेलं लिहून देणारं यंत्र निव्वळ कानावर विसंबत नाही. आवाज अस्पष्ट वाटला की कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हे पाहून ते रिकामी जागा भरतं. हा ठोकताळा ते छापील आणि आंतरजालावरच्या मजकुरावरून बांधतं, आणि त्यातला बराचसा मजकूर मुद्रितशोधकाच्या हाताखालून गेलेला. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आम्ही मंडळी हेच करत आलो. 'व्हतं'चं 'होतं' केलं, 'मह्या'चं 'माझ्या' केलं, आणि बोली ठेवलीच तर अवतरणचिन्हांच्या कुंपणात ठेवली. तेव्हा फोनवर रागावताना जरा जपूनच. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली, ते त्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही, एवढी कुरकुर मात्र करू.

यंत्रानं मराठी कशी ऐकावी, या प्रश्नाला आपल्याच शहरात फार आधी हात घातला गेलाय, आणि साहित्याच्या मांडवात त्याची वार्ताही नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभागातल्या संशोधकांनी २०१०मध्ये सुटे मराठी शब्द ओळखणाऱ्या प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात वापरलेली एक युक्ती मला फार आवडते. एक माणूस 'बाजरी' झटकन म्हणतो, दुसरा 'बाऽजरी' असा हेल काढतो. दोन्ही आवाज एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. म्हणून यंत्र काळच रबरासारखा ताणतं, कुठे आखडतं, आणि दोन्ही आवाजांच्या रेघा जास्तीत जास्त जवळ आणून पाहतं. तिचं नाव डायनॅमिक टाइम वॉर्पिंग. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना बोलतं ठेवायचं तर माणसालाही हेच करावं लागतं.

पुढे २०१२च्या सुमारास याच विभागात शेतमालाच्या नावांचे मराठी उच्चार गोळा करण्याचं काम झालं. फळं, भाज्या, धान्यं यांचे शब्द, लोकांच्या आवाजात. काम कंटाळवाणं, आणि त्याला टाळ्या तर मुळीच नाहीत. पण बाजारभाव विचारायला शेतकऱ्याला पुढेमागे फोनशी बोलावं लागणार, हे तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात होतं. मात्र नावांची यादी वाटते तेवढी सोपी नसते. खरिपाच्या संकरित ज्वारीला आपल्याकडे नुसतं 'हायब्रीड' म्हणतात. यंत्रानं ते ज्वारी समजायचं की इंग्रजी विशेषण?

यंत्र आपली बोली कशी ऐकतं, हे न्यू मीडियाच्या वर्गांत शिकवावं, असं मला वाटतं. आज तिथे मोबाइलवर बातमी कशी चित्रित करावी, पॉडकास्ट कसा संपादित करावा, रील किती सेकंदांचं असावं, हे शिकवतात. शिकवावंच, पोरांना नोकऱ्या लागतात. पण कुठलं बटण दाबायचं हे कळलेल्या पोराला, ते दाबल्यावर आपल्या आजीचं बोलणं कुणाच्या मराठीत उतरतं, हेही विचारता आलं पाहिजे. त्यासाठी मराठी विभागातला बोलीचा अभ्यासक आणि ध्वनीच्या प्रयोगशाळेतला इंजिनिअर एका टेबलावर बसायला हवेत. उच्च शिक्षणाला हैदराबाद गाठावं लागू नये म्हणून २३ ऑगस्ट १९५८ला आपलं विद्यापीठ उभं राहिलं. त्याच आवारातल्या दोन इमारतींमधलं अंतर हैदराबादपेक्षा लांब नसावं.

आणि या शहराला तर दख्खनीही आहे. वली आणि सिराज हे कवी ज्या बोलीच्या अंगणात वाढले, तिनं मराठीचा 'नको' उचलून 'नक्को' केला, आपला ठासून सांगणारा 'च'ही घेतला. रोशन गेटच्या चहावाल्याला 'चाय नक्को' म्हणा, काही अडत नाही. फोन मात्र हिंदी की मराठी, असं आधी विचारतो.

त्या तरुणाची कथा पान ४१वर आहे. तो फोनवरून वाचत गेला, मी समोरची प्रत दुरुस्त करत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या. 'रडायली' तसंच ठेवलंय, अवतरणचिन्हांशिवाय. कथेच्या शेवटी काळा चौकोन छापलाय, तो फोननं टिपला की त्याच्याच आवाजातली कथा ऐकता येईल. मधेच म्हैस हंबरते, कुणीतरी "आरं, दार लाव" म्हणतं. ते काढू का, म्हणून त्यानं विचारलं होतं. म्हटलं, राहू दे.