वनांचा इतिहास कोणी शिकायचा?

गेल्या हिवाळ्यात कुमाऊँतील एका महाविद्यालयाने मला व्याख्यानाला बोलावले. पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरण अभ्यास आणि त्यातील नैसर्गिक संसाधनांचे संवर्धन हे प्रकरण, असा विषय होता. बोलण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या चाळल्या. संसाधनांचे प्रकार, शाश्वत विकासाची व्याख्या, वाघाचे चिकटवलेले चित्र. वही उघडावी आणि मिटावी. मग मी विचारले, तुमच्यापैकी किती जणांच्या गावात वनपंचायत आहे? निम्म्याहून अधिक हात वर झाले. तिच्या वनाचा नकाशा किती जणांनी पाहिला आहे? एकही हात वर आला नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, माझी आजी वनपंचायतीची सरपंच होती. पण ते परीक्षेला येत नाही.”

हा दोष त्या मुलाचा नाही आणि त्या महाविद्यालयाचाही नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा सामाईक अभ्यासक्रम पदवीच्या वर्गांपर्यंत पोहोचायला २००३ साल उजाडले. त्या अभ्यासक्रमात पन्नास तासिका होत्या; त्यांपैकी पाच प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी, आणि शंभरपैकी पंचवीस गुणही त्यासाठीच. कल्पना उत्तम होती. व्यवहारात ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी, त्या प्राध्यापकाच्या गळ्यात हा विषय पडत गेला आणि क्षेत्रकार्य दुकानातून आणलेल्या चित्रांवर भागू लागले. नव्या शिक्षण धोरणानंतर, २०२३ मध्ये आयोगाने आराखडा बदलला आणि हवामानबदलासारखे विषय विस्ताराने आले. तरीही आपल्या गावचे वन कोणाचे, केव्हापासून आणि कोणत्या कागदानुसार, हे विद्यार्थ्याला विचारले जात नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने मला ही उणीव अधिक खटकते, हे मान्य करते. पण कुमाऊँचेच उदाहरण घ्या. १९११ ते १९१७ या काळात ब्रिटिश सरकारने तेथील विस्तीर्ण डोंगरउतार राखीव वने म्हणून घोषित केले. गुरे चारणे, चाऱ्यासाठी फांद्या छाटणे, नवे गवत यावे म्हणून चिडाच्या वाळलेल्या सुया जाळणे, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतींवर एकाएकी निर्बंध आले. वनखात्याच्या दृष्टीने हे शुद्ध संवर्धन होते. १९२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी त्याच राखीव वनांना आगी लावल्या. सरकारला गाऱ्हाणी ऐकण्यासाठी समिती नेमावी लागली, राखीव केलेल्या वनांचा मोठा भाग पुन्हा महसूल खात्याकडे द्यावा लागला आणि पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. आज उत्तराखंडात दहा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. त्या मुलाच्या आजीचे सरपंचपद या आगीतून आले आहे. ‘लोकसहभाग आवश्यक आहे’ हे वाक्य पाठ करणाऱ्याला ही हकीकत ठाऊक नसेल, तर त्या वाक्याचा त्याला काय उपयोग?

उणीव पदवीच्या वर्गापुरती राहत नाही. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसण्यासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक विषय घेतलेली पदवी लागते, अन्यथा कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची. म्हणजे आयुष्यात रोपटे न लावलेला गणिताचा पदवीधर पात्र. पण वनकायद्यांचा इतिहास, समाजशास्त्र किंवा चक्क भूगोल घेऊन पदवी मिळवलेला अपात्र. प्रशासकीय सेवेला अशी अट नाही, म्हणून मी तेथे पोहोचू शकले. माझे वनखात्यातील स्नेही यावर म्हणतात की वनसंवर्धन हे शास्त्र आहे आणि कायदा, आदिवासी समाज वगैरे प्रशिक्षणात शिकवले जाते. त्यांचे म्हणणे अर्धे मला पटते. कोणत्या उतारावर कोणते झाड जगेल हे इतिहास सांगत नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा समोर येतो, तेव्हा वादाचा मुद्दा झाड नसतो; जुनी वहिवाट, मौखिक साक्ष आणि दोन खात्यांचे परस्परांशी न जुळणारे नकाशे असतात. असे दावे तपासताना तरुण वनाधिकारी अस्वस्थ होताना मी पाहिले आहेत. ते आडमुठे नव्हते. असा कागद कसा वाचावा, हे त्यांना विद्यार्थिदशेत कोणी दाखवलेच नव्हते.

म्हणून माझी सूचना लहान आहे. नवा विषय नको, नवे पुस्तकही नको. क्षेत्रकार्याचे जे गुण आहेत, त्यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावची वा वस्तीची एक सामाईक जागा निवडावी: वन, तलाव, चराईची जमीन. तिची नोंद मिळवावी, हद्दीवरून पायी फिरावे, म्हाताऱ्यांना विचारावे आणि कागद व जमीन यांत कुठे तफावत आहे ते लिहावे. महाराष्ट्रात गायरानाचा सातबारा, आमच्याकडे खतौनी, मध्य प्रदेशात निस्तार पत्रक. नावे वेगळी, काम तेच. सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात, सर्व राज्यांना दिले होते. पण कोणती जमीन सामाईक हेच गावातल्या तरुणांना ठाऊक नसेल, तर अतिक्रमण दाखवून देणार कोण?

व्याख्यानानंतर तेथील प्राध्यापिकांनी एक अडचण सांगितली: नकाशा मागायला गेलेल्या मुलांना तहसील कार्यालयात कोणी उभे तरी करील का? शंका रास्त आहे. मात्र त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने तहसीलदारांना एक पानाचे पत्र लिहिले तरी पुरे. त्या खुर्चीत मी बसले आहे. असे पत्र काढायला दहा मिनिटे लागतात.