शटर उघडण्याआधी पाच मिनिटं श्वासाला द्या

दुकानदाराचं टेन्शन गिऱ्हाइकाला आधी दिसतं, आपल्याला शेवटी. मागच्या दिवाळीत उधारी अडकली होती. एका चुकीच्या बिलावरून मी सहा वर्षं सोबत असलेल्या मुलाला भर दुकानात झापलं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्याच आठवड्यात बीपी निघालं १५०/१००.

गोळी सुरू झाली, सोबत श्वासाचा सराव शिकलो. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब. यात जादू नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून यावर काम चालू आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला कोर्स ८ आठवड्यांचा असतो. एका दिवसात काही होत नाही. रोजमेळ लिहितो तसं हेही रोज करायचं.

माझं स्पष्ट मत: हे रिकामटेकड्यांचं काम नाही, धंद्याचंच आहे. श्वासाने उधारी वसूल होत नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीही बंद करायची नाही. पण वसुलीचा फोन शांत डोक्याने करता येतो.

त्या मुलाच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तोवर तो दुसरीकडे लागला होता. तुम्ही एवढा उशीर करू नका.