फायरबॉलने भिंत पडत नाही!

मंडळी, शनिवारी आपली पोरं बेसमेंटमध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात, आणि वर चहा पिणारे आपण मधूनच खाली जाऊन त्यांना अक्कल शिकवतो. त्या अकलेविरुद्ध हा लेख.

परवाचंच सांगते. एकाने किल्ल्याच्या दगडी तटावर फायरबॉलचा मंत्र टाकला. डन्जन मास्टर झालेला मुलगा म्हणाला, "तटाला काही होत नाही." लगेच दोन इंजिनियर काका (आपल्यात त्यांना काय तोटा!) सरसावले : "अरे, एवढ्या स्फोटात भिंत टिकेल का?" बिचारा दबला. तट पडला.

बरोबर तो मुलगाच होता. पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं पुस्तक उघडा. वीस फूट त्रिज्येत जे जे कोणी असेल त्याला आठ फाशांइतकी इजा, आणि कोणी अंगावर किंवा हातात न घेतलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेटतात. बस्स. दगडाचं नावही नाही. स्फोटाचंच म्हणाल, तर २००३ च्या साडेतीनव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं होतं की या स्फोटाने दाब जवळजवळ निर्माणच होत नाही. घ्या, इंजिनियरसाहेब! त्या आवृत्तीत फायरबॉल वस्तूंचंही नुकसान करायचा, सोनं-शिसं वितळवायचा; पाचवीत ते वाक्य उरलं नाही.

"लिहायचं राहिलं असेल," हा दुसरा युक्तिवाद. राहिलं कसं? त्याच पुस्तकात शॅटर या मंत्राखाली वस्तूंनाही इजा होते असं वेगळं वाक्य आहे. डिसइंटिग्रेट अवाढव्य वस्तूचा दहा फुटी घनाएवढाच तुकडा नाहीसा करतो. म्हणजे तटाला भोक पडेल, किल्ला जाणार नाही. अर्थक्वेक तर जमिनीला टेकलेल्या बांधकामाला दर फेरीला ५० गुणांचा फटका देतो. जिथे भिंत पाडायची आहे तिथे लिहिणाऱ्यांनी ती पाडली आहे.

उलट, गवताने शाकारलेल्या झोपडीवर फायरबॉल पडूनही छप्पर शाबूत ठेवणारा डन्जन मास्टर तितकाच चुकतो. ते पेटलंच पाहिजे, आत ओलीस ठेवलेली माणसं असली तरी.

त्या टेबलावर एक मुलगी होती. तिने फायरबॉल सोडून मुद्दाम शॅटर घेतला होता, तट फोडता यावा म्हणून. काकांनी तट पाडला तेव्हा ती काही बोलली नाही, फासे पिशवीत भरत बसली. येत्या शनिवारी तो तट पुन्हा उभा करा, आणि तिची पाळी येईपर्यंत कृपा करून वरच थांबा.