दहा वर्षांचा व्हिसा आणि 'काही होत नाही'

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. नात्यातल्या लोकांनीही वाचा, कारण यातलं निम्मं तुमच्यासाठीच आहे.

इथे अमेरिकेत उन्हाळा आला की मराठी घरांमधून भारतातले आई-बाबा दिसायला लागतात. कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी नुसतंच नातवंडांना बघायला. आणि मग शनिवारच्या जेवणाला एक काका भेटतातच. "दहा वर्षांचा व्हिसा आहे ना? मग घाई कसली? राहा की अजून दोन महिने. काही होत नाही!"

होतं हो, काका.

पासपोर्टात चिकटवलेला तो बी-२ व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत येऊन बेल वाजवायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि आय-९४ नावाच्या नोंदीत घालतो. बहुतेकदा सहा महिने. ही तारीख उलटून एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून परत गेलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. १९९६ च्या कायद्यातच आहे तसं. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे काकांनी शांतपणे मोजून बघावं.

दुसरा लाडका सल्ला, "कॅनडाला चक्कर मारून या, नवीन सहा महिने मिळतात." पलीकडून नायगरा बघून चार दिवसांत परत आलात तर सहसा जुनीच तारीख चालू राहते. शिवाय कॅनडाचा व्हिसा काढायचा तो वेगळाच.

खरंच जास्त राहायची गरज असेल तर सरळ रस्ता आहे. मुदत संपायच्या आत आय-५३९ अर्ज करायचा. कारण काय, खर्च कोण करणार, परत कधी जाणार, सगळं कागदावर दाखवायचं. एप्रिल २०२४ मध्ये याची फी ऑनलाइन ४२० डॉलर झाली. एका अर्जाला! आणि निकाल यायला इतके महिने लागू शकतात की तोवर आई-बाबा घरी पोचून त्यांचा दिवाळीचा फराळही संपलेला असतो.

पण सगळा राग काकांवरच काढला तर तो अन्याय होईल. २०१३ पर्यंत विमानाने येणाऱ्याच्या पासपोर्टात आय-९४ चं कागदी कार्ड लावून द्यायचे. तारीख डोळ्यांसमोर असायची. त्या वर्षी ते बंद झालं. आता ती नोंद वेबसाइटवर जाऊन आपणच शोधायची. ज्या तारखेवर दहा वर्षांची बंदी टांगलेली आहे, ती माणसाच्या हातात लिहून द्यायला काय हरकत आहे?

यावर इथल्याच काही शहाण्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "नियम वाचता येत नसतील तर येऊ नये." माझ्या सासूबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. त्यांना तारखा चांगल्या वाचता येतात. पण पासपोर्टात जी ठळक छापलीय ती तारीख मोजायची नाही, आणि जी मोजायची ती पासपोर्टात शोधायची नाही, हे कुठलं गणित? नियम कडक असायला माझी ना नाही. कडक नियम लपवून ठेवायला आहे. नियम दिसेनासा झाला की त्याची जागा ऐकीव गोष्टी घेतात, आणि मग 'काही होत नाही' वाल्या काकांचं फावतं.

सरकार कार्ड परत सुरू करेल तेव्हा करेल. तोवर आई-बाबा घरी पोचले की त्याच दिवशी आय-९४ ची प्रत छापा. ठरल्यापेक्षा वेगळी तारीख पडली असेल तर लगेच कळेल. ती फ्रिजवर लावा आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं आहे ना ते बघा.

आणि पुन्हा कुणी 'काही होत नाही' म्हणालं तर एवढंच विचारा: झालं तर विमानतळावरून परत कुणाची आई जाणार आहे, तुमची की माझी?