आवाज गेला?

आशा भोसले यांचे उतारवयातले गाणे लागले की वसतिगृहातले मित्र म्हणतात, 'आवाज गेला!' मला हे पटत नाही. वयाबरोबर गळ्याची लवचीकता घटते, दम अपुरा पडतो, हे खरेच. पण गळा म्हणजे सगळे गाणे नव्हे. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तला त्यांचा बेफाम आवाज आठवा. पुढे १९८१ च्या 'उमराव जान'साठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले. त्याच गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साठीच्या घरात त्या १९९५ च्या 'रंगीला'त पुन्हा नव्याने गायल्या.

माझी आई ऊसतोडीला जाते. लहानपणी कोपीत ती ओव्या म्हणायची. दिवाळीत मी मोबाइलवर त्या टिपायला गेलो, तर म्हणाली, 'आता कशाला रं? आवाज कुठं राह्यलाय पहिल्यावानी?' मी गप्प बसलो. म्हणजे मित्रांसारखेच मीही मानले की आवाज गेला!

मित्रहो, तरुण गळा निसर्ग देतो. पिकलेला आवाज माणूस कमावतो. पट्टा पडून आई घरी आली, की मी पुन्हा ओवी मागणार आहे.

(बी. ए. द्वितीय वर्ष)